पाटल्या घालून सोन्याच्या खाणीत

सिंगापूरहून पर्थला जाताना घड्याळ बदलावं लागत नाही. पाच तास विमानात बसायचं आणि उतरायचं, दोन्हीकडे वेळ तीच. ह्या प्रवासातली सोपी गोष्ट एवढीच. बाकी मी जळत गेले आणि जळतच परत आले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे मी वाळवंटाच्या वर्णनात रमले, तर तुमची फसगत होणार नाही.

जिच्याकडे आम्ही गेलो ती मेधा, माझी पुण्याची वर्गमैत्रीण. एम.एस्सी.ला भूशास्त्राच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. नंबर माझा पहिला आला होता, तिचा दुसरा. ही गोष्ट मी कुणीही विचारलेली नसताना सांगत असते. पुढे माझं लग्न अनिरुद्धशी झालं आणि मी सिंगापूरला आले. मेधा गेली ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, सोन्याच्या खाणीवर भूशास्त्रज्ञ म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. मी सिंगापुरात, क्लेमेंटी भागातल्या एका ट्यूशन सेंटरमध्ये मुलांना भूगोल शिकवते. पुस्तकात वाळवंटाचं रंगीत चित्र आहे. दर वर्षी मी त्याच चित्रावर बोट ठेवते.

जूनच्या सुट्टीत मेधाचा मेसेज आला: "ईराला घेऊन ये. वाळवंटातला एक झरा दाखवते. त्याच्या काठावर जुनी सोन्याची खाण आहे. अजून आत जाता येतं. दागिने घालून येऊ नकोस." ईरा म्हणजे आमची चौदा वर्षांची मुलगी. अनिरुद्धच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात नेमकं काहीतरी मोठं काम निघालं होतं, तो येणार नव्हता.

मला ह्या प्रवासातून एकच गोष्ट हवी होती. दगडाच्या पोटात असलेलं सोनं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मला खाणीत उतरून, हात लावून पाहायचं होतं. आणि मी ते पाहत असताना ईराने मला पाहायला हवं होतं. तिच्या लेखी आई म्हणजे डबा, ट्यूशन आणि "मोबाइल ठेव". आईला दगडातलं कळतं, हे तिला एकदा तरी दिसू दे, एवढीच माझी इच्छा होती.

पर्थ आणि पुढचा रस्ता

मेधा सवाष्ण नाही, कुमारिका असंही आता म्हणवत नाही, पण इतक्या वर्षांनी भेटतोय तर ओटी भरावी म्हणून मी नारळ, तांदूळ, हळकुंड आणि खणाचं कापड घेतलं होतं. विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी नारळ हातात घेऊन हसून विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, मैत्रिणीच्या मांडीवर ठेवायला. त्यांनी तेवढंच हसून नारळ, तांदूळ आणि हळकुंड कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खण वाचला. ईरा माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली होती.

बाहेर मेधा उभी होती. केस कापलेले, उन्हाने चेहरा रापलेला, पायात धुळीचे बूट. आणि बारीक. हे मला सगळ्यात आधी दिसलं.

पर्थ मागे पडल्यावर सहा-सात तासांचा रस्ता आहे. आधी गव्हाची शेतं, मग तांबड्या सालीची उंच निलगिरी, मग झाडं खुजी होत जातात आणि माती लाल होत जाते. आपल्या कोकणातला जांभा दळून कुणी पसरावा तसा रंग. रस्त्याच्या कडेने माणसाच्या कमरेएवढा जाड पाण्याचा नळ सोबत करत असतो. खाणींच्या गावांना पाणी किनाऱ्याकडून ह्याच नळाने जातं. सोनं त्यांच्या पायाखाली आहे आणि पिण्याचं पाणी शेकडो किलोमीटर लांब. आमच्याकडे सिंगापुरात दुपारी कपडे वाळत घातले की चारला पाऊस हजर.

वाटेत एका पेट्रोल पंपाच्या हॉटेलात खायला थांबलो. मांस नसलेलं काय आहे विचारल्यावर तिथल्या बाईंनी बराच विचार करून बटाट्याचे चिप्स आणले, आणि सोबत जास्तीचे चिप्स. मी डब्यातलं मेतकूट काढून त्यावर भुरभुरलं. "अगं, थोर आहेस!" म्हणत मेधाने अख्खी बशी पुढे ओढली. त्या वेळी तिच्याबद्दल जरा बरं वाटलं.

पण गाडीत मागे बसून मी ऐकत होते. ईरा माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारायचं, तिने सिंगापुरी थाटात "ओके ला" म्हणायचं, हा आमच्या घरचा रिवाज. आणि इथे ही मुलगी पुढच्या सीटवर बसून मेधाला विचारत होती, "मावशी, हे दगड इतके लाल का आहेत?" चक्क मराठीत, क्रियापदासकट.

"लोखंड आहे त्यात. गंजलंय," मेधा म्हणाली.

"म्हणजे पूर्ण जमीन गंजली?"

"बरोब्बर."

हेच मी तिला पाठ्यपुस्तकातून शिकवलं होतं. तेव्हा तिने जांभई दिली होती.

मेधाचं घर

मेधा एकटी राहते. पत्र्याच्या छपराचं बैठं घर, मागे अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड. तिला एकटं वाटत असेल, असं मला फार मनापासून वाटत होतं. मी घरभर त्याचा पुरावा शोधला. फ्रीज उघडून पाहिला, तर आत ताजी कोशिंबीर, घरी लावलेलं दही. भिंतीवर तंबोरा, शनिवारी ती एका शेजारणीला गाणं शिकवते म्हणे.

"कंटाळा येत नाही का गं इथे?" मी भाजी चिरताना विचारलं.

"नाही गं."

"तरी पण, आपलं माणूस असं कुणी..."

"येतात की. तू आलीस."

"सिंगापूरला असतीस तर मंडळ आहे, गणपती असतो, सगळं मिळतं..."

"हो, मस्त आहे तुमचं," ती म्हणाली, आणि कांदा परतायला लागली. तिच्या आवाजात हेवा सापडतो का म्हणून मी कान देऊन ऐकलं. तिळाएवढासुद्धा नव्हता. मी तिच्यावर इतकी जळते, तर तिने माझ्यावर थोडं जळायला काय हरकत होती? साधी परतफेड असते माणसात.

झरा

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जूनमध्ये तिकडे थंडी. ईरा मेधाचं जाड जॅकेट घालून बसली होती, बाह्या दुमडून. डांबरी रस्ता संपला, मग कच्चा, मग नुसत्याच चाकोऱ्या. वाटेत एक खाऱ्या पाण्याचं तळं लागलं, म्हणजे पाणी नाहीच, पांढरं मीठ क्षितिजापर्यंत. त्याच्या पलीकडे एकच खडकाळ टेकडी. तिच्या पायथ्याशी कुंपण, एक फाटक आणि फाटकावर मेधाच्या कंपनीने ठेवलेला राखणदार, पिकल्या दाढीचा, डोळ्यांत हसू असलेला माणूस.

झऱ्याला तिथल्या मूळ लोकांचं नाव आहे. ते नाव बाहेर छापू नये अशी त्यांची इच्छा आहे असं मेधाने सांगितलं, म्हणून मीही लिहीत नाही. दिसायला झरा अगदी साधा. खडकाला पडलेली एक भेग, तिच्या खाली परातीएवढा खळगा, त्यात गार, नितळ पाणी. ह्यासाठी एवढं दूर आलो? माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"तू ह्याच्या भोवती बघ," मेधा म्हणाली. "चार दिवस चाललीस तरी दुसरं गोडं पाणी नाही."

थर्मासमधला चहा ओतत तिने झऱ्याची गोष्ट सांगितली. मूळ लोक ह्या भेगेवर एक सपाट दगड झाकून ठेवत. ऊन लागून पाणी आटू नये, जनावर पडून नासू नये म्हणून. तहानलेला कुणी आला की त्याने दगड सरकवायचा, प्यायचं, पुन्हा झाकायचं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी टिकलं ते त्या एका दगडामुळे. मग सोनं शोधणारे आले. त्यांच्याकडे उंट होते, आणि उंटांबरोबर बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तानकडचे उंटवाले. सोनं नंतर, आधी पाणी हवं. पाणी कुठे आहे ते फक्त इथल्या लोकांना ठाऊक.

"मग त्यांनी दाखवलं?" ईराने विचारलं.

"दाखवायला लावलं. माणसाला बांधून ठेवायचं, खारवलेलं मांस खायला घालायचं आणि मग सोडायचं. तहानेने तो पाण्याकडेच जाणार. बऱ्याच ठिकाणी असं घडलं. इथेही घडलं, असं इथले म्हातारे सांगतात."

ईराने हातातला चहा खाली ठेवला.

पाण्यापासून हाकेच्या अंतरावर टेकडीत गारगोटीची पांढरी शीर सापडली, आणि तिच्यात सोनं. बघता बघता तंबूंचं गाव उभं राहिलं. माणसं, घोडे, उंट, सगळे ह्या परातीएवढ्या खळग्यावर. पाणी पुरेना. तेव्हा कुणीतरी शहाण्याने ठरवलं, तोंड मोठं करू, म्हणजे जास्त पाणी येईल. भेगेत सुरुंग लावला. खडक तडकला आणि होतं ते पाणी नव्या भेगेतून खाली निघून गेलं. जो झरा इतकी माणसं जगवत आला होता तो एका दुपारी कोरडा.

मग त्या मिठाच्या तळ्यात खड्डे खणून लागलेलं खारं पाणी पत्र्याच्या टाक्यांत उकळून, वाफ थंड करून, ते पाणी विकायला लागले. त्या भट्ट्यांसाठी आसपासची झाडं तोडली. म्हणून इथली झाडं अजून खुजी. सोनं धुवायला पाणी नाही, म्हणून माती वाऱ्यावर उडवायचे. पुढे एक कंपनी आली, खोल गेली, शीर बारीक झाली, कंपनी गेली. गाव उठलं. मागे राहिल्या फुटक्या बाटल्या, गंजके पत्रे आणि काही नावं नसलेल्या कबरी. पाणी मात्र कधीतरी हळूहळू परत आलं, पूर्वीच्या मानाने थेंबभर.

आता मेधाची कंपनी पुन्हा तीच शीर शोधते आहे. त्यावरून मला मेधाबद्दल काही वाईट बोलता आलं असतं. पण झऱ्याच्या आसपास खोदायचं नाही, हे कंपनीकडून लिहून घेणारी तीच निघाली. हे तिने नाही, राखणदाराने सांगितलं. "आमच्याकडे आलेल्यांत ती सगळ्यात चांगली," तो इंग्रजीत म्हणाला. मी म्हटलं, हो, वर्गात दुसरी होती.

मग एक घटका माझी आली. मेधाने दोन पसरट लोखंडी थाळ्या काढल्या. माती वाऱ्यावर कशी उडवायचे ते ती ईराला दाखवणार होती: एक थाळी उंच धरायची, माती हळूहळू खालच्या थाळीत सोडायची, धूळ वारा नेतो, जड ते खाली पडतं. ईराने केलं, सगळी धूळ तिच्याच डोळ्यांत. मी थाळी घेतली. अहो, ही तर उफणणी! आजोळी खळ्यावर ज्वारी उफणताना वाऱ्याला पाठ कशी द्यायची, हात किती उंच न्यायचा, हे मला आईने शिकवलंय. लाल धुळीचा पडदा सरळ रेषेत उडून गेला आणि थाळीत काळे जड खडे तेवढे उरले.

"वा, आई! व्हेअर यू लर्न?" ईरा म्हणाली.

"बघ, तुझी आई!" मेधा म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी दोन थाळ्या आणखी उफणल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

खाणीचं तोंड

झऱ्यापासून वर पन्नासेक पावलांवर टेकडीत आडवा बोगदा आहे. आत थोडं गेलं की शिडीने खाली उतरायचं, तिथे ती शीर. मेधाने हेल्मेटं दिली. मी पट्टा बांधायला हात वर केले आणि ती थबकली.

"तुला लिहिलं होतं ना, दागिने नकोत म्हणून?"

"नाहीच घातले! बघ, कानातसुद्धा काही नाही."

"आणि ह्या?"

माझ्या दोन्ही हातांत पाटल्या होत्या. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या. आता मला सांगा, पाटल्या म्हणजे काय दागिना आहे? दागिने नकोत म्हणजे चोराचिलटांची भीती असेल, असं धरून मी बांगड्या, कुड्या, अंगठी, सगळं सिंगापूरला, बुकित पंजांगच्या घरी कपाटात ठेवून आले होते. पाटल्यांचा विचारच मनात आला नाही. तो माझा हातच आहे.

"शिडीवर अडकल्या तर मनगट सोलून निघतं," मेधा म्हणाली. "बांगडी, साखळी, अंगठी, काही घालून कुणी आत जात नाही. मीही नाही."

मंगळसूत्र मी लगेच काढलं, पर्समध्ये ठेवलं. नवऱ्याची खूण एका हिसक्यात निघाली, सासूची निघेना. राखणदाराने भांडी घासायचा साबण आणला. मग प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून त्यावरून ओढलं, कासार करतो तसं. मेधाने ओढलं, ईराने ओढलं. लग्नातलं मनगट आणि आताचं मनगट ह्यांत बराच प्रवास झालेला. अंगठ्याच्या हाडाशी पाटली येऊन बसायची, पुढे नाव नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मी हातात घालून उभी होते.

राखणदार त्याच्या पत्र्याच्या खोलीतून तारा तोडायची मोठी कात्री घेऊन आला. "एका झटक्यात होईल," तो म्हणाला. आणि खरंच एका झटक्यात झालं असतं.

मी हात मागे घेतला. सवाष्णीच्या हातातलं सोनं तोडायचं? तेही तारेच्या कात्रीने? सासूबाईंना काय सांगू? "नको," मी म्हटलं. "तुम्ही जा. मला काही एवढं नाही."

सोनं बघायला गेलेली बाई सोन्यामुळेच बाहेर राहिली. ईराच्या अंगावर सोन्याचा कण नव्हता. मागच्या दिवाळीला मी आणलेले कानातले तिने "सो आंटी-लाइक" म्हणून घातलेच नाहीत. ती मेधाच्या मागे आत गेली. जाताना वळून म्हणाली, "आई, आय टेक व्हिडिओ फॉर यू."

मी झऱ्याकाठी येऊन बसले. राखणदार फाटकाकडे गेला. कुणी नाही असं पाहून मी बाह्या वर केल्या, झऱ्याच्या पाण्याने हात भिजवले, काठची चिकण माती मनगटाला चोळली आणि पुन्हा ओढायला लागले. आधी उजवी, मग डावी. दात लावले. पाटली गुडघ्यात धरून हात मागे खेचला. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आत दोघी काय बघत असतील, मेधा तिला काय दाखवत असेल, आणि किती वेळ! बघायला असं आहे तरी काय एवढं? मुद्दाम वेळ लावतेय मेधा, असंच माझ्या मनात येत होतं. मला बाहेर ठेवून माझ्या मुलीला आपलंसं करतेय.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी बाह्या खाली ओढून शांत बसले होते.

"कंटाळलीस?" मेधाने विचारलं.

"छे! काय छान वारा आहे."

ईराच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ते सोन्याचं तेज आहे असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर मी झोपेचं सोंग घेतलं. निघताना मेधाला खण दिला, तर तिने तो उलगडून लगेच तंबोऱ्याला गवसणी शिवायची ठरवली. त्याचाही राग आला.

बुकित पंजांग

घरी आल्यावर मनगटं सुजली. डॉक्टर म्हणाले, हे कापा. सेरंगून रोडवरच्या एका तमिळ सोनाराने बारीक करवतीने पाटल्या कापल्या आणि विचारलं, जोडून मोठ्या करू? मी म्हटलं, पेच लावून द्या, उघडता येतील अशा. रात्रभर मन खात होतं म्हणून सकाळी सासूबाईंना पुण्याला फोन केला.

"अगं, मग आधीच नाही का कापायच्या?" त्या म्हणाल्या. "मी माझ्या कधीच पेचाच्या करून घेतल्या. आंघोळीला काढून ठेवते."



रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अनिरुद्ध म्हणाला, दाखवा की काय काय पाहिलंत. ईराने फोन टीव्हीला जोडला. नळ, लाल माती, मीठ, झरा. मी उफणते आहे, तेही होतं. "अरे वा," अनिरुद्ध म्हणाला. मग बोगदा. अंधार, दिव्याचा गोल, मेधाचा आवाज. शिडी. आणि ती शीर, दुधासारखी पांढरी, तिच्या कडेला गंजकी रेघ, रेघेत एक पिवळा ठिपका. मी खुर्चीच्या टोकावर आले. मेधा ईराला समजावत होती, मराठीत, सोप्या शब्दांत. तिचं कुठे काही चुकतंय का ते मी नीट ऐकलं. काही चुकत नव्हतं.

त्या परत निघाल्या. लांबवर बोगद्याचं तोंड दिसायला लागलं, उजेडाचा गोल.

"ओह नो. पप्पा, स्टॉप, स्टॉप!" ईरा रिमोटकडे झेपावली. रिमोट अनिरुद्धच्या मांडीखाली होता.

त्या उजेडात, खाली झऱ्याकाठी, एक बाई बसली होती. लहानशी. कोपरापर्यंत चिखल. पाटली गुडघ्यांत धरून ती हात खेचत होती, थांबत होती, तोंड पुसत होती, पुन्हा खेचत होती.

"हे काय करतेयस तू?" अनिरुद्धने विचारलं.

टीव्हीवर ईराचा आवाज आला, हळू. "मावशी, ती बघ. आई."

मग मेधाचा. "हं. दिवा बंद कर. जरा वेळ इथेच थांबू. निघाल्या तर येईल ती."

ईराने फोन खाली धरला असावा, पडदा काळा झाला, पण आवाज चालू होता. दोघींचा श्वास, कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज. बराच वेळ. एकदा ईराने विचारलं, "अजून?" आणि मेधा म्हणाली, "अजून थोडं."

ईराने उठून टीव्ही बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. "सॉरी, आई," ती म्हणाली. "मी विसरले ते डिलीट करायला." मराठीत म्हणाली.

मेधाच्या नोकरीचा मी इतकी वर्षं हेवा केला. तिच्या घराचा, तिच्या बारीक कमरेचा, तिच्या गंजलेल्या जमिनीचा केला. ते सगळं अंगवळणी पडलं होतं. पण अंधारात दिवा विझवून माझी वाट बघत उभं राहायचं तिला सुचलं, ह्याचा हेवा कसा करायचा ते मला अजून कळत नाही. कारण तिच्या जागी मी असते, तर मी थांबले नसते. मी पटकन बाहेर आले असते, नीट बघायला.